वाड्याचे फोटो फोनवर: स्कॅनपासून वेबपर्यंत

नाशिकच्या तिवंध्यातला आमचा वाडा उतरवला तेव्हा माळ्यावरून पत्र्याच्या दोन ट्रंका खाली आल्या. एकीत तांब्या-पितळेची भांडी होती, ती वाटली गेली. दुसरीत फोटो होते आणि ते काही वाटता येईनात. प्रत एकेकच, आणि हक्क सांगणारी अकरा बिऱ्हाडं. कोणी आता सिडकोत, कोणी नाशिकरोडला, कोणी पुण्यात. शेवटी ठरलं की ट्रंक माझ्याकडे गंगापूर रोडला राहील, मी फोटो स्कॅन करून वेबवर ठेवीन आणि ज्यानं त्यानं आपापल्या फोनवर बघावं.

मी शाळेत चित्रकला शिकवत होते. संगणकाचं जे येतं ते भाच्याकडून आणि चुकत-चुकत आलेलं. तीन हिवाळ्यांत सातशेच्या वर फोटो झाले. ज्यांच्या घरी अशीच ट्रंक आहे त्यांच्यासाठी हे लिहिते.

माझं माप एकच आहे, आणि पुढचं सगळं त्यावरूनच ठरलं. माझी आत्या ८४ वर्षांची आहे. ती फोन हातभर लांब धरून बघते. फोटो तिच्यापुढे गेल्यावर ‘ही कोण’ हे तिला सांगता आलं पाहिजे. फोटो सुंदर दिसला पण आत्याला माणूस ओळखू आला नाही, तर माझं काम फुकट गेलं.

काचेवर ठेवण्याआधी

स्कॅनिंग मी दिवाळीनंतर सुरू करते आणि होळीपर्यंत आटपते. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. पावसाळ्यात तो ओल धरतो, मऊ पडतो, एकावर एक ठेवलेले फोटो चिकटतात. नाशिकच्या कोरड्या थंडीत तेच फोटो सुटे आणि कडक असतात.

धूळ मऊ ब्रशने किंवा रबरी फुग्याच्या हवेने उडवायची. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचा बारीकसा थेंबही जिलेटिनवर कायमचा डाग पाडतो. स्कॅनरची काच पुसायची तर पातळ कापडावर द्रव घ्यायचा, काचेवर थेट फवारायचा नाही; कडेच्या फटीतून तो आत उतरतो. फोटो कडेला धरायचा. बाकी काही करायचं नाही. ओलं कापड नको, खोडरबर नको.

ऐंशीच्या दशकातले चिकट पानांचे अल्बम हा वेगळा त्रास आहे. प्लॅस्टिकचं आवरण उचललं की फोटो पानाला घट्ट चिकटलेला. ओढलात तर कोपऱ्यापासून तडकतो. डेंटल फ्लॉसचा दोरा फोटोच्या मागे घालून करवतीसारखा हळूहळू सरकवत न्यायचा. तरीही सुटत नसेल तर अख्खं पान स्कॅन करा. जो फोटो फ्रेमच्या काचेलाच चिकटलाय त्याला अजिबात हात लावू नका, काचेसकट स्कॅन करा. इथे स्कॅनर कोणता आहे याने फरक पडतो. पातळ, हलके, नुसत्या यूएसबीवर चालणारे स्कॅनर बहुधा सीआयएस जातीचे असतात. काचेपासून जरा वर असलेली वस्तू त्यांना धूसर दिसते. जाड पेटीसारखे सीसीडी स्कॅनर दोन-तीन मिलिमीटर वरचंही नीट टिपतात. गुंडाळी झालेल्या फोटोंनाही हाच नियम.

स्कॅन करताना

पहिले साठ फोटो मी एका दुकानात दिले होते. पेनड्राइव्ह परत आला तो चकचकीत फोटोंचा. आत्याला दाखवले तर तिला पांढऱ्या धोतरांच्या जागी नुसते पांढरे डाग दिसले, चुणी एक नाही. पुराच्या फोटोत तर मारुतीच नव्हता.

हे नाशिकबाहेरच्यांना सांगायला हवं. गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. गोदेला पाणी किती चढलं हे आम्ही तिच्यावरून सांगतो: घोट्याला लागलं, गुडघ्याला, कमरेला, छातीला. आमच्या ट्रंकेतल्या एका फोटोत पाच बायका पायऱ्यांवर उभ्या आहेत आणि पार डाव्या कडेला, अर्धवट, तो मारुती. मागे साल लिहिलेलं नाही. दुकानातल्या यंत्राने कडा ‘सरळ’ करताना नेमका मारुती कापला होता. पूर कुठला हे ठरवायची एवढी एकच खूण होती, आणि ती गेली. मूळ प्रत हातात होती म्हणून बरं. मी पुन्हा स्कॅन केला, पाणी मारुतीच्या छातीशी होतं. ‘मग हा एकोणसत्तरचा नव्हे, तेव्हा याहून वर गेलं होतं,’ आत्या म्हणाली.

म्हणून स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधलं आपोआप काही करणारं जे जे असेल ते बंद: आपोआप कापणं, रंगदुरुस्ती, धूळ काढणं, धार लावणं. चारी कडांच्या बाहेर थोडी मोकळी जागा ठेवून स्कॅन घ्यायचा. कृष्णधवल फोटोही २४ बिट रंगीत घ्यायचा, कारण डाग आणि पिवळेपणा रंगीत स्कॅनमध्ये वेगळा ओळखता येतो.

किती डीपीआय, म्हणजे दर इंचाला किती ठिपके टिपायचे? नेहमीच्या ६ × ४ इंची फोटोला ६०० पुरे. त्यातून ३६०० × २४०० पिक्सेल मिळतात आणि टिफ फाइल (काही न टाकता सगळं साठवणारी) सुमारे २६ एमबी होते. त्याहून वाढवलं तर कागदाचा पोत मोठा होतो, चेहऱ्यातलं नवीन काही हाती लागत नाही. पण साठ-सत्तरच्या दशकातल्या छोट्या चौकोनी प्रती असतात ना, सव्वादोन इंची, निगेटिव्हच्याच आकाराच्या? आमच्याकडे काकांच्या अग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याच्या अशा पुष्कळ निघाल्या. ‘१२०’ नावाच्या फिल्मच्या रोलवर बारा फोटो, आणि मोठ्या प्रती काढायला पैसे नसत. त्या १२०० वर स्कॅन करायच्या, म्हणजे २७०० पिक्सेल मिळतात. ३५ मिमीची निगेटिव्ह असेल तर २४०० किंवा जास्त, आणि त्यासाठी झाकणात दिवा असलेला स्कॅनर लागतो. काही स्कॅनरमध्ये इन्फ्रारेडने धूळ हेरायची सोय असते. रंगीत निगेटिव्हवर ती छान चालते. कृष्णधवल निगेटिव्हवर वापरू नका, तिथली चांदीच तिला धूळ वाटते.

फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. मागे स्टुडिओचा शिक्का असतो, पेन्सिलीने लिहिलेली तिथी असते, कधी ‘चि. बेबी, वय ४’ एवढंच असतं. त्याला १५० डीपीआय चालतं, पण चुकवू नका.

स्कॅन टिफमध्ये साठवायचा आणि ती फाइल ‘मूळ’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकून तिला परत हात लावायचा नाही. पुढची सगळी कामं तिच्या नकलेवर. जेपेग दर वेळी साठवताना थोडा माल टाकून देतं. उघडलं, सुधारलं, साठवलं असं पाच-सहा वेळा केलं की चेहऱ्याभोवती चौकोनी कण दिसू लागतात. पहिल्या हिवाळ्यात मी वीसेक फोटो असे मूळ फाइलवरच सुधारत बसले होते. ते सगळे पुन्हा ट्रंकेतून काढावे लागले.

रंग: तिवंध्याची रहाड

फोटो सुधारायला मी गिम्प नावाचं सॉफ्टवेअर वापरते. ते फुकट आहे आणि या कामाला पुरून उरतं. त्यात खरं काम एका खिडकीतच होतं: लेव्हल्स. तिथे डोंगरासारखा आलेख दिसतो. डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं. जुन्या फोटोत डोंगर मधेच सुरू होतो आणि मधेच संपतो, म्हणून फोटो राखाडी वाटतो. डावा त्रिकोण डोंगराच्या डाव्या पायथ्याशी न्यायचा, उजवा उजव्या पायथ्याशी. डोंगरात शिरायचं नाही. शिरलात की तेवढ्या छटा गेल्या, आणि त्या पहिल्यांदा कुठे जातात तर पांढऱ्या धोतरात आणि काळ्या केसांत. मी फोटो मोठा करून दोनच गोष्टी बघते: धोतराच्या चुण्या दिसतात का, आणि अंबाड्यातली वेणी मोजता येते का. मग मधला त्रिकोण जरासा डावीकडे घेते. त्याने सावलीतले चेहरे उजळतात. ओसरीवर उभं राहून काढलेल्या फोटोंत चेहरे नेहमीच सावलीत असतात, त्यामुळे आत्याची परीक्षा बहुतेक या मधल्या त्रिकोणावरच पार पडते.

रंगीत फोटोंचं अवघड आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच रंगीत प्रतींमध्ये निळसर रंगद्रव्य, म्हणजे सायन, सगळ्यात आधी उडतं. उरतं ते लालसर चित्र. उपाय असा की लेव्हल्समध्ये लाल, हिरवा, निळा हे तीन आलेख वेगवेगळे उघडायचे आणि प्रत्येकाचे त्रिकोण आपापल्या पायथ्याशी आणायचे. अर्ध्या मिनिटात चाळीस वर्षं मागे गेल्यासारखं वाटतं. असे फोटो ४८ बिटमध्ये, म्हणजे जास्त छटा नोंदवून, स्कॅन केलेले बरे. फाइल दुप्पट होते, पण एवढं ताणल्यावर आकाशात पट्टे उमटत नाहीत.

पण इथेच सांभाळायचं. रंगपंचमीला आमच्या चौकातली रहाड उघडतात. पेशवाईपासूनचा हा हौद वर्षभर रस्त्याखाली बुजलेला असतो. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला: दिल्ली दरवाजाची केशरी, शनी चौकाची गुलाबी, आणि आमची तिवंध्याची पिवळी. १९८३ च्या रंगपंचमीचा एक फोटो आहे. माझा थोरला भाऊ रहाडीत उडी मारतोय, भोवती सगळी आळी पिवळीधम्मक. हा फोटो लाल पडला होता. मी ‘ऑटो’ दाबलं. सॉफ्टवेअरला वाटलं की फोटोत एवढं पिवळं असणं म्हणजे दोषच, आणि त्यानं रहाडीचं पाणी राखाडी करून टाकलं. आळीतल्या कोणालाही तो फोटो तिवंध्याचा म्हणून ओळखू आला नसता.

अशा वेळी फोटोत ज्याचा रंग नक्की ठाऊक आहे अशी वस्तू शोधायची. कपडे उपयोगाचे नाहीत, सगळे पिवळे झालेले. माझ्या कामाला आली ती मागची चुना लावलेली भिंत आणि एका माणसाची काळी छत्री. पांढरा ठिपका भिंतीवर, काळा छत्रीवर. लेव्हल्समध्ये असा ठिपका निवडायला ड्रॉपर असतात. पाणी आपोआप पिवळं झालं. फोटोची पांढरी किनार मात्र पुरावा म्हणून धरू नका. तिथे रंगद्रव्य जवळजवळ नसतंच, त्यामुळे कागद किती पिवळा पडला एवढंच ती सांगते; चित्रातलं काय उडालं ते नाही.

कृष्णधवल फोटो करडा करावा की मुळातला तपकिरी रंग ठेवावा? मी ठेवते. स्टुडिओतले कित्येक फोटो मुद्दाम सेपिया केलेले असत. आणि हाताने रंगवलेले, गालांना गुलाबी आणि साडीच्या काठाला हिरवं लावलेले, त्यांना तर चुकूनही करडं करू नका.

डाग आणि चेहरे

डाग पुसायला गिम्पमध्ये हील नावाचं साधन आहे. पार्श्वभूमीवरचे, साडीवरचे, आकाशातले डाग खुशाल काढा. चेहऱ्यावर आलात की थांबा. नाकाच्या बाजूचा ठिपका ही धूळ आहे की चामखीळ, हे दुसऱ्या फोटोवरून ताडून पाहिल्याशिवाय पुसू नका. आमच्या आजीच्या हनुवटीवर गोंदण होतं, तीन ठिपके. मी ते डाग समजून जवळजवळ पुसलंच होतं.

आता चेहरा ‘स्पष्ट’ करून देणारी एआय साधनं फोनवरच मिळतात. भाच्याने हौसेने एका मंगळागौरीच्या फोटोवर वापरून पाहिलं. पापण्या मोजता येतील असे चेहरे आले. आत्याने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, ‘ह्या कोण गं? आपल्या वाड्यातल्या नाहीत.’ धूसर मूळ फोटो दाखवला तर तिने चौघींची नावं धडाधड सांगितली. कारण साधं आहे. धूसर चेहऱ्यात नसलेली माहिती ते साधन बाहेरून आणतं, हजारो परक्या चेहऱ्यांवरून अंदाज करून. जी माणसं आता फक्त त्या फोटोतच उरली आहेत त्यांच्या जागी ते दुसरंच कुणी बसवतं. मी ते वापरत नाही आणि कोणी वापरून पाठवलं तर मूळ फोटो मागवते. रंग भरून देणारी साधनंही मी याच कारणाने टाळते.

खरखरीत, मधमाशांच्या पोळ्यासारख्या पोताच्या कागदावरचे स्टुडिओ फोटो स्कॅनमध्ये ठिपक्यांनी भरून जातात. स्कॅनरचा प्रकाश एका बाजूने पडतो आणि प्रत्येक खळग्याची सावली उमटते. असा फोटो एकदा सरळ स्कॅन करा, मग काचेवरच डोकं खाली येईल असा फिरवून पुन्हा. दुसरा स्कॅन संगणकावर सुलटा करून पहिल्यावर ठेवा, नीट जुळवा आणि त्याची अपारदर्शकता ५० टक्के करा. दोन्हीकडच्या सावल्या बऱ्याचशा एकमेकींना खाऊन टाकतात. जुळवायला धीर लागतो, पण लग्नाच्या फोटोंसाठी मी तो दर वेळी धरला आहे. वर्तमानपत्रातलं कात्रण असेल तर छपाईच्या ठिपक्यांमुळे लाटा दिसतात. किंचित गॉशियन ब्लर (चित्र धूसर करणारं साधन) देऊन मग आकार लहान केला की त्या जातात.

वेबची प्रत

‘वेबसाठी ७२ डीपीआय’ असं अजून कोणी कोणी सांगतात. ते विसरा. पडद्याला डीपीआयशी देणंघेणं नाही, पिक्सेल किती आहेत एवढंच तो बघतो. मी लांब बाजू १६०० पिक्सेल ठेवते. आत्याच्या फोनला ती पुरते, दोन बोटांनी चेहरा मोठाही करता येतो. यादीत दिसणारं छोटं चित्र ४०० पिक्सेल.

आकार लहान केला की चित्र जरा मऊ पडतं, म्हणून धार लावायची ती आता, आधी नाही. गिम्पच्या अनशार्प मास्कमध्ये त्रिज्या १ च्या आत आणि प्रमाण ०.५ च्या आसपास. साडीच्या काठाभोवती पांढरी रेघ दिसू लागली तर जास्त झालं. मग रंगाची प्रोफाइल, म्हणजे रंग कसे वाचायचे हे सांगणारी फाइलमधली नोंद, एसआरजीबी करून घ्यायची. स्कॅनरने अॅडोबी आरजीबी लावलेलं असेल आणि ते तसंच चढवलं, आणि वाटेत कुणी प्रोफाइल काढून टाकली, तर फोनवर रंग मेलेले दिसतात. आमच्या रहाडीचं पिवळं एकदा असंच फिकं पडलं होतं. शेवटी जेपेग, गुणवत्ता ८० ते ८५. फाइल साधारण २०० ते ४०० केबीमध्ये बसते. वेबपी या फाइलप्रकारात ती आणखी लहान होते आणि आताचे ब्राउझर ते दाखवतात. मी मात्र जेपेगच ठेवते, कारण बिऱ्हाडं फोटो उतरवून छापून घेतात आणि छापणाऱ्याला जेपेग लागतं.

शाळेचे, लग्नाचे मोठे ग्रुप फोटो या हिशेबात बसत नाहीत. १२ इंच रुंद फोटो १६०० पिक्सेलवर आणला की एका इंचाला १३३ पिक्सेल येतात. चेहरा पाव ते तिसरा हिस्सा इंच, म्हणजे फार तर ४४ पिक्सेल. एवढ्यात कोणी ओळखू येत नाही. मूळ स्कॅनमध्ये त्याच चेहऱ्याला २०० पिक्सेल असतात. म्हणून पूर्ण फोटो एकदा दाखवायचा आणि त्याखाली मूळ स्कॅनमधून कापलेले चार तुकडे द्यायचे, कडेची माणसं दोन्ही तुकड्यांत येतील असे. आमच्या एका मुंजीच्या फोटोत ४६ माणसं आहेत. अख्खा फोटो महिनाभर वेबवर होता तेव्हा नऊ नावं कळली होती. तुकडे लावले त्या आठवड्यात एकतीस झाली.

फाइलचं नाव रोमन लहान अक्षरांत, शब्दांमध्ये आडवी रेघ: आधी साल, मग ठिकाण, प्रसंग, क्रमांक. देवनागरी नाव दिलं तर चालतं, पण दुवा व्हॉट्सअॅपवर पाठवताना कित्येकदा टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते आणि लोक घाबरून तो उघडत नाहीत. नावं फोटोवर लिहू नका, खाली मजकुरात लिहा: ‘डावीकडून, मागची रांग’ असं. म्हणजे शोधल्यावर सापडतात आणि चूक सुधारता येते. जे बघू शकत नाहीत त्यांचं यंत्र वाचून दाखवतं तो पर्यायी मजकूरही द्यायचा. ‘फोटो १२’ नको; ‘ओसरीवर बसलेल्या नऊवारीतल्या चार बायका, मधलीच्या मांडीवर तान्हं मूल’ असं लिहायचं. फाइलच्या आत असलेली तारीख स्कॅनची असते, ती बदला, नाहीतर १९५८ चं लग्न गेल्या डिसेंबरचं म्हणून फोनच्या गॅलरीत जाऊन बसतं.

हक्काबद्दल लोक विचारतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, तो काढून घेणाऱ्याकडे असतो. स्टुडिओचं नाव मी तरीही खाली देते. मागच्या शिक्क्यावर ते असतंच. हयात माणसाचा फोटो त्याला विचारल्याशिवाय चढवत नाही. एका काकूंनी त्यांच्या पहिल्या लग्नाचा फोटो नको म्हटलं, तो फक्त ट्रंकेत आहे.

टिफ फाइलींची एक हार्ड डिस्क माझ्याकडे आणि दुसरी नाशिकरोडला चुलत भावाकडे. एकाच घरात दोन ठेवून उपयोग नाही.

चढवण्याआधी प्रत्येक फोटो मी गच्चीवर उन्हात नेऊन, पडद्याचा उजेड निम्मा करून साध्या फोनवर बघते. घरातल्या मोठ्या पडद्यावर जे छान दिसतं ते तिथे काळंकुट्ट होतं. मग परत मधला त्रिकोण. त्यानंतर फोटो आत्याकडे जातो, डॉक्युमेंट म्हणून, कारण फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअॅप तो आणखी दाबतं. ती फोन करून नावं सांगते आणि मी लिहून घेते.

पुराच्या फोटोतल्या पाचपैकी चौघी ओळखू आल्या. पाचवी, पायरीवर एकटी जरा बाजूला उभी, परकर-पोलक्यातली दहा-बारा वर्षांची मुलगी आहे. तिच्यापुढे मी ‘ओळख पटलेली नाही’ असं लिहिलं आहे, आणि तिच्या चेहऱ्याचा तुकडा मूळ स्कॅनमधून वेगळा काढून खाली लावला आहे.